उघड्या दाराचं रेकॉर्डिंग

माझ्याकडे अकरा गाणी होती, जी दुनियेत दुसऱ्या कुणाकडेच नव्हती. निदान मी तरी दहा वर्षं याच गुर्मीत होते. गाणी एका रॉक बँडची, आणि बँड लातूरचा. हे सांगितलं की नांदेडच्या लॅबमधले माझे सोबती हसतात. लातूर म्हटलं की त्यांना क्लासेस आठवतात, डाळ आठवते, पाण्याचे हाल आठवतात. तिथं गिटार आणि ड्रम काय करायलेत, असं त्यांना वाटतं. पहिल्या दिवशी मलाही तसंच वाटलं होतं.

मी हदगाव तालुक्यातल्या खेड्यातली. बारावीनंतरच्या परीक्षेत मार्क कमी पडले, म्हणून घरच्यांनी एक वर्ष रिपीट करायला लातूरला पाठवलं. डॉक्टर काही मी झाले नाही. आज मी लोकांचं रक्त तपासते आणि डॉक्टर लोक माझ्या रिपोर्टवर सही करतात. पण त्या वर्षानं मला ती गाणी दिली, त्यामुळे ते वर्ष वाया गेलं असं मी कुणाला म्हणू देत नाही.

हॉस्टेलच्या मागच्या गल्लीत एका काकूंची मेस होती. पन्नास-साठ पोरापोरींचे डबे त्या एकट्या करायच्या आणि कुणी भाजी टाकली तर त्याला गल्लीच्या दुसऱ्या टोकावरून हाक मारून विचारायच्या, "काय रे, वांग्यानं तुझं काय घोडं मारलं?" त्यांचा आवाज भिंतीला अडत नसे. त्यांचा मुलगा बँडमध्ये ड्रम वाजवायचा. मेसला लागूनच एका अडत्याचं गोदाम होतं, त्या अडत्याचा मुलगा बेस वाजवायचा. रविवारी मार्केट बंद, म्हणून दुपारी गोदाम या पोरांचं. गिटारवाला जळकोटहून पहिल्या गाडीनं यायचा, आणि गायक आमच्याच क्लासमध्ये शेवटच्या बाकावर बसून पेंगायचा.

एका रविवारी टेस्टमध्ये मार खाऊन मी डबा परत करायला गेले, तर भिंतीपलीकडून तो आवाज आला. मी डबा हातात धरून तशीच उभी राहिले. लग्नातला बँड, गणपतीतला डीजे, देवळातलं भजन हे सगळं मी ऐकलेलं होतं. पण आपल्याच बोलीत, आपल्याच वैतागावर इतक्या जोरात कुणी गाऊ शकतं, हे मला ठाऊक नव्हतं. काकूंनी माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "ऐकायचं असंल तर आत जाऊन ऐक. पण दार उघडं राहील. आणि मी दारात बसनार."

ही त्यांची अट. चार पोरं आणि एक परगावची पोरगी, गोदामाचं दार लावून चालणार नव्हतं. तेव्हापासून दर रविवारी ते लोखंडी दार सताड उघडं आणि उंबऱ्यावर काकू, मांडीवर सुपात तांदूळ नाहीतर डाळ घेऊन. माझ्या फोनचं मेमरी कार्ड मोठं होतं, म्हणून रेकॉर्डिंगचं काम माझ्याकडं आलं. पोत्यांच्या एका थप्पीवर रुमालाची घडी, घडीवर फोन. ड्रमवाला मला "रेकॉर्डिंगवाल्या मॅडम" म्हणू लागला. आयुष्यात मला पहिल्यांदा कुणी मॅडम म्हटलं ते हे.

गोदामाची एक गंमत मला हळूहळू कळली. दिवाळीच्या सुमारास ते सोयाबीननं आढ्यापर्यंत भरलेलं असे, तेव्हा आवाज घट्ट यायचा, कानाशी बसून कुणी वाजवल्यासारखा. पोती आवाज पिऊन टाकायची. माल उठायला लागला की मधेमधे जागा व्हायची आणि आवाज फिरू लागायचा. उन्हाळ्यात गोदाम रिकामं, तेव्हा गायकाचा शब्द भिंतीवर जाऊन परत यायचा आणि पुढच्या शब्दाच्या पायात पडायचा. अजूनही त्या अकरातलं कुठलंही गाणं लावा, डोळे मिटून सांगते: हे नव्या सोयाबीनचं, हे तुरीचं, हे हरभरा उठल्यावरचं. गाणं किती तारखेचं ते विसरले असेन, पण त्या दिवशी गोदामात काय होतं ते विसरले नाही.

आणि शब्द. चाल आधी यायची, शब्द नंतर. मधल्या रिकाम्या जागेत गायक समोर दिसेल ते गायचा. एका गाण्याच्या धृपदात तो सलग चार ओळी जीव तोडून "पोतं, पोतं, पन्नास किलोचं पोतं" असं गातो. पुढं त्या जागी खरे शब्द आले, चांगले आले, घर सोडून आलेल्या पोराचे. मला ते आवडतात. पण "पोतं" म्हणताना त्याच्या गळ्यात जे आहे, ते त्या शहाण्या शब्दांत नाही. आपण काय म्हणतोय हे त्यालाच तेव्हा माहीत नव्हतं आणि तरी तो ते इतकं मनापासून म्हणत होता. कच्च्या रेकॉर्डिंगचं मला वेड आहे ते या एका गोष्टीसाठी. पक्कं गाणं आपल्याला सगळं सांगून मोकळं होतं. कच्चं गाणं अजून स्वतःशीच बोलत असतं आणि आपण ते दारातून ऐकत असतो.

त्यातलं सर्वांत थोर गाणं पहाटेच्या बसचं. ज्या वर्षी लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्याच्या नंतरचाच तो काळ. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी यायचं आणि कधी येईल याचा नेम नाही. आलं की गल्लीत जो जिथं असेल तिथून धावायचा, मग तो ताटावर असो की देवापुढं. त्या रविवारी गाणं कधी नव्हे ते जमून आलं होतं. दुसरं कडवं चालू होतं आणि दारातून काकूंची हाक आली, "पाणी आलं रे! ऊठ, घागरी लाव!" ड्रमवाल्यानं काठ्या टाकल्या. त्या फरशीवर पडल्याचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये आहे, मग चपला, मग घागरींची आदळआपट. दुसऱ्या कुठल्याही बँडनं गाणं थांबवलं असतं. हे थांबले नाहीत. गायकानं आवाज उतरवला, जणू बस खरंच निघून गेली आणि हा मागं फाट्यावर एकटा उरला. गिटार एकटी चालत राहिली. बेसवाल्यानं पोत्यावर तळहातानं ठेका धरला. अडीच-तीन मिनिटं असं चाललं आणि मग शेवटच्या कडव्याच्या बरोबर तोंडावर ड्रम परत आला. ओल्या हातांनी, ओल्या काठ्यांनी, धापा टाकत. तो पहिला ठोका ऐकला की आजही माझ्या अंगावर काटा येतो. ठरवून कुणाला असं येता आलं नसतं.

वर्षभरानं ते पुण्याला गेले आणि स्टुडिओत तीन गाणी पक्की करून आले. ती इंटरनेटवर आहेत. सफाईदार आहेत. बसच्या गाण्यात ड्रम पहिल्यापासून शेवटपर्यंत न चुकता वाजतो, कानात मशीनची टिकटिक लावून वाजवल्यासारखा, आणि बस कुठंही जात नाही. मी ते एकदा ऐकलं. पोरांना मात्र तेच खरं वाटत होतं. "ते गोदामातलं कच्चं होतं, टाकून दे," असं गायक मला म्हणाला. मी टाकलं नाही. बँड पुढं दोन-अडीच वर्षांत मोडला. भांडण वगैरे काही नाही, नोकऱ्या आणि लग्नं. गाणी राहिली ती माझ्याकडं, आणि झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून मी ती कुणाला हात लावू दिली नाहीत.

त्या मुठीपायी मी एक मैत्रीण गमावली, तेही सांगायला हवं. हॉस्टेलमध्ये माझ्या खोलीत किनवटकडची एक मुलगी होती. मी तिला इयरफोनचं एक टोक द्यायचे. दिवाळीच्या सुट्टीवरून परत आल्यावर ती सहज म्हणाली, "माझ्या भावाला लई आवडली गं ती गाणी." मी आंघोळीला गेल्यावर तिनं माझ्या फोनमधून बसच्या गाण्यासकट तोवरची सगळी गाणी घेतली होती. मी जे भांडले, ते आठवलं तरी आता लाज वाटते. तिला चोर म्हटलं. गाणी डिलीट कर म्हणून आईची शपथ घ्यायला लावली. तिनं घेतली, आणि त्यानंतर आम्ही एका खोलीत राहूनही बोललो नाही. पुढची दहा वर्षंही नाही.

मागच्या वर्षी ड्रमवाल्याचा फोन आला. तो आता मेस चालवतो, एवढं मला उडत उडत कळलं होतं. म्हणाला, "मॅडम, ते बसचं गाणं हाय का तुझ्याकडं? गोदामातलं. पुण्याचं न्हाई."

"आहे की. आत्ता कशी आठवण झाली?"

"आईला ऐकवायचंय," तो म्हणाला. मी म्हटलं, जरूर. काकू कशा आहेत, हे विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. दहा वर्षांनी माझ्या गाण्यांची कुणाला तरी किंमत कळली, या आनंदात मी होते.

आणि इथं माझा शहाणपणा मला नडला. फोनमध्ये एक ॲप घेतलं होतं, रेकॉर्डिंगमधला गोंगाट काढून टाकणारं. मनात आलं, इतक्या वर्षांनी गाणी जातायत, तर जरा नीट करून पाठवू. मुलगी दाखवताना तिला चांगली साडी नेसवतात ना, तसं. तीन दिवस लॅबमधून आल्यावर मी तेच करत बसले. टेम्पोचा हॉर्न गेला, कुत्रं गेलं, वारा गेला, सुपाचं पाखडणं गेलं. गाणी लख्ख झाली. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की लॅपटॉपवर जागा पुरत नव्हती म्हणून जुन्या फायली पुसून मी तिथं नव्या ठेवल्या. कच्च्या रेकॉर्डिंगचे गोडवे गाणारी मी. विश्वास बसतो का?

गाणी पाठवली, आणि दुसऱ्या दिवशी ड्रमवाल्याचा रेकॉर्ड केलेला निरोप आला. आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. "छान केलीस गं. पण यात आईचा आवाज कुठाय?"

मी फोन केला, तेव्हा त्यानं सांगितलं. सात महिन्यांपूर्वी काकूंना झटका आला. उजवी बाजू थोडी सुधारली, पण वाचा गेली ती गेली. ज्या बाईच्या हाकेला गल्ली उठायची, तिच्या तोंडून सात महिन्यांत एक शब्द नव्हता. बोलायला शिकवायला एक मॅडम यायच्या. त्यांनी सांगितलं होतं की जुने, ओळखीचे आवाज ऐकवा, जमलं तर यांचा स्वतःचा आवाज ऐकवा. घरात शोधलं तर काकूंचा आवाज कुठंच नव्हता. त्याच्या लग्नाच्या व्हिडिओत वाजंत्री होती आणि काकू स्वयंपाकघरात. "मग मला आठवलं," तो म्हणाला, "तुझ्याकडं हाय. आईचा आवाज फक्त तुझ्याकडं हाय."

खरं म्हणजे तो आवाज त्या रेकॉर्डिंगमध्ये आला होता तोच माझ्यामुळं. मी आत बसायचे म्हणून दार उघडं असायचं, दार उघडं म्हणून काकू दारात. आणि मीच तो गोंगाट म्हणून काढून टाकला होता. मी त्याला तेव्हा खरं सांगितलं नाही. "मूळचं शोधून पाठवते," म्हणाले आणि बाथरूममध्ये जाऊन रडले.

मूळचं कुठं असणार? मेमरी कार्ड मी कधीच गावाकडं भावाला दिलं होतं, त्यानं त्यात ट्रॅक्टरवर ऐकायची गाणी भरली आणि मग ते कार्डही मोडलं. लॅपटॉप दुकानात दाखवला, दुकानदारानं दोन दिवस ठेवून मान हलवली. बाकीच्या तिघांना विचारलं. गायक म्हणाला, "ते तर तुझ्याकडंच असतं ना?" आता एकच नाव उरलं होतं, आणि तिला मी आईची शपथ घालून डिलीट करायला लावलं होतं.

हॉस्टेलच्या जुन्या ग्रुपवरून नंबर घेतला. चार दिवस तो नुसता बघत होते. पाचव्या दिवशी फोन लावला.

"बोल," ती म्हणाली. आवाज ओळखला होता.

"तू ती गाणी डिलीट केली होतीस ना?"

"न्हाई."

"शपथ घेतली होतीस."

"हाव, खोटी घेतली. आईला इचारून घेतली, ती म्हने, गाण्यापायी मी काय मरत न्हाई." वर म्हणाली, "काय करून राहिली मग आता? पोलीस आणते?"

मी हसायला लागले आणि हसता हसता सगळं सांगून टाकलं. काकू कोण, ते तिला वेगळं सांगावं लागलं नाही. तिनंही वर्षभर तोच डबा खाल्ला होता. मग म्हणाली, "भावाच्या गाडीत हायेत, पेनड्राईव्हवर. पन मी फोनवर पाठवनार न्हाई. दहा वर्सं तोंड दाखवलं न्हाईस, येऊन घेऊन जा."

रविवारी मी किनवटची रेल्वे धरली. ती स्टेशनवर आली होती, कडेवर दीड वर्षाची मुलगी. माझ्याकडं बघून एवढंच म्हणाली, "वाळलीस." तिचा भाऊ काळी-पिवळी जीप चालवतो, किनवटहून आतल्या गावांना. आम्ही मागच्या सीटवर बसलो, वरून-खालून माणसं भरली, जंगलाचा रस्ता सुरू झाला आणि भावानं बटण दाबलं.

दहा वर्षं माझ्या एकटीच्या कानात असलेलं गाणं त्या जीपच्या फुटक्या स्पीकरमधून आलं. टेम्पोचा हॉर्न होता. कुत्रं होतं. सूप होतं. शेजारी एक म्हातारी मांडीवर कोंबडी घेऊन बसली होती, ती मान डोलवत होती. दुसरं कडवं आलं तशी भावानं आवाज वाढवला आणि मागं न बघता हात वर केला. अख्खी जीप एका सुरात ओरडली, "पाणी आलं रे! ऊठ, घागरी लाव!" म्हातारीसुद्धा. मग सगळे हसले आणि बाहेर बघू लागले, रोजचंच असल्यासारखे.

मला राग यायला हवा होता. माझा ठेवा असा उघड्यावर पडला होता. पण मी मैत्रिणीचा हात घट्ट धरला होता. मी जपलं ते मी घालवलं, हिनं चोरलं आणि गावोगाव लावलं म्हणून ते उरलं. "सॉरी," एवढं शेवटी म्हणाले. "हं," ती म्हणाली आणि मुलीच्या हातात बिस्कीट दिलं.

पुढच्या सुट्टीला मी लातूरला गेले. गल्ली तीच, गोदामाचं दार मात्र नवीन. काकू मेसच्या ओट्यावर खुर्चीत होत्या, उजवा हात मांडीवर ठेवून दिल्यासारखा. मला बघून त्यांचे डोळे भरले, म्हणजे ओळख होती. मी पाया पडले. बोलायला लागले आणि थांबले, कारण त्यांच्याशी एकतर्फी बोलायची मला कधी सवयच नव्हती. ड्रमवाल्याला मी ॲपचं खरं काय ते सांगितलं. तो म्हणाला, "जाऊ दे, आता आनलीस ना." स्पीकर त्यानं आणून ठेवला होता. तो त्यांच्या पायाशी पायरीवर बसला.

गाणं सुरू झालं. काकू भिंतीकडं बघत होत्या. पहिलं कडवं गेलं, चेहऱ्यावर काही नाही. मी त्यांच्याकडं बघायचं टाळून समोरच्या नळाकडं बघत राहिले. दुसरं कडवं आलं. आणि मग तो आवाज, भिंतीला न जुमानणारा, त्याच गल्लीत, "पाणी आलं रे! ऊठ, घागरी लाव!"

काकू दचकल्या. स्पीकरकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग गोदामाच्या दाराकडं, जणू तिथं कोण बसलंय ते बघावं. काठ्या पडल्याचा आवाज आला. गिटार एकटी चालू लागली. त्यांचे ओठ हलले, पण शब्द आला नाही. मग त्यांनी डावा हात उचलला आणि पायरीवर बसलेल्या मुलाच्या पाठीत एक धपका घातला. चांगला जोरात. आणि बोट नळाकडं.

तो उठला. त्या दिवशी पाण्याचा वार नव्हता, नळ कोरडा होता, हे त्याला माहीत होतं आणि मलाही. आत जाऊन त्यानं दोन्ही घागरी आणल्या, एक नळाखाली लावली, दुसरी बाजूला ठेवली आणि ड्रम परत यायच्या आत येऊन पायरीवर बसला.